जनुकांचे गणित आधी संगणकावर

महोदय,

वाइनमुळे नाशिकला यीस्ट नवे नाही; परंतु याच यीस्टमध्ये परकी जनुके बसवून मलेरियाच्या औषधाचा पूर्वघटक असलेले आर्टेमिसिनिक आम्ल लिटरमागे २५ ग्रॅमपर्यंत मिळवल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा कामात नुसते जनुक घालून भागत नाही: रासायनिक क्रियांच्या साखळीतील एखादे विकर (एन्झाइम, म्हणजे क्रिया घडवून आणणारे प्रथिन) कमी पडले तर मधलाच, प्रसंगी विषारी, पदार्थ पेशीत साचतो आणि तेच विकर वाजवीपेक्षा जास्त झाले तर पेशीची वाढ खुंटते. जिवाणूंमध्ये रायबोसोम (पेशीतील प्रथिने बनवणारे यंत्र) संदेशवाहक आरएनएला, म्हणजे जनुकाच्या प्रतीला, कितपत घट्ट धरेल आणि त्यामुळे विकर किती तयार होईल, हे ऊर्जेच्या गणिताने आधीच अजमावणारी संगणकीय पद्धत २००९ पासून उपलब्ध आहे (अंदाज चुकतातही, पण प्रयोगांचा खटाटोप बराच वाचतो). येथील जैवतंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ती प्रात्यक्षिकांत शिकवावी. त्यासाठी साधा संगणक पुरतो.

— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक