निर्दोष सुटल्याची बातमी कुठे दिसते?

संपादक महोदय,

रविवारच्या अंकातला इंटरनेटवरच्या बदनामीचा लेख वाचला, पटलाही, पण 'आपण काय पोस्ट करतो ते जपून करावं' हा सल्ला अपुरा वाटला, कारण बऱ्याचदा आपलं नाव तिथे दुसऱ्यानेच टाकलेलं असतं. माझ्या एका मित्रावर ऑफिसात अफरातफरीचा आरोप झाला, फोटोसकट बातमी आली, पुढे कोर्टाने निर्दोष सोडलं त्याची मात्र ओळभरही बातमी नाही. सहा वर्षं झाली, नाव सर्च केलं की अजून पहिली तीच बातमी येते. परवा मुलाखतीत समोरच्याने काही न विचारता मोबाईल त्याच्यापुढे सरकवला, स्क्रीनवर तोच फोटो. तो बिचारा गुपचूप उठून आला.

युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१४ मध्ये स्पेनमधल्या एका माणसाच्या बाजूने निकाल दिला, त्याच्या मालमत्तेच्या लिलावाची १९९८ची नोटीस नाव सर्च केल्यावर गुगलने दाखवू नये म्हणून. मूळ पेपरमधली नोटीस तशीच राहिली, फक्त सर्चमधली लिंक गेली. मला हे रास्त वाटतं (सत्तेतल्या लोकांना मात्र ही सूट नको, त्यांचं जुनं सगळं दिसलंच पाहिजे). पण सगळं गुगलवर ढकलून कसं चालेल, बातमी तर पेपरच छापतात ना? म्हणून आरोपाच्या जुन्या ऑनलाइन बातमीत, अगदी वरच, कोर्टाचा निकाल जोडायची सुरुवात आपल्याच पेपरने करावी ही कळकळीची विनंती.

– एक नियमित वाचक