डुक्कर प्रयोगशाळेत जन्मत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डुकराचे मूत्रपिंड माणसाला बसवल्याच्या बातमीत आपल्या दैनिकाने 'प्रयोगशाळेत तयार केलेले डुक्कर' असे म्हटले आहे. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनात नोकरी घालवलेल्या माझ्यासारख्या पशुवैद्यकाला हे शब्द खटकले. प्रयोगशाळेत तयार होतो तो फक्त भ्रूण, आणि तोही तिथे फार तर आठवडाभर राहतो. पुढचे जवळपास ११४ दिवस डुकरिणीच्याच पोटातले.

त्या आधीचे कामही किचकट असते. कत्तलखान्यातून अंडाशय कोमट सलाइनमध्ये, थर्मासमधून आणायचे, त्यांतली बीजांडे सुईने ओढून घ्यायची आणि ती पक्व होण्यासाठी सुमारे ४४ तास थांबायचे. एवढे करून शुक्रजंतूंशी गाठ घातली, तर डुकराच्या बीजांडात बरेचदा एकाऐवजी अनेक शुक्रजंतू शिरतात आणि भ्रूण वाया जातो. अवयवांसाठीच्या डुकरांत बहुधा ही वाट सोडून, जनुके बदललेल्या पेशीचे केंद्रक, स्वतःचे केंद्रक काढून टाकलेल्या बीजांडात घालतात. अमेरिकेत ब्लॅक्सबर्ग येथे ५ मार्च २००० रोजी पाच क्लोन पिल्ले जन्मली, ती केंद्रक घालण्याच्या याच तंत्राने, फक्त त्यांची जनुके बदललेली नव्हती.

खरी अडचण पुढे आहे. गर्भाशयात निदान चार जिवंत भ्रूण नसतील, तर बाराव्या दिवसाच्या सुमारास डुकरिणीच्या शरीराला गर्भाची पुरेशी खूण मिळत नाही आणि ती बहुधा पुन्हा माजावर येते. त्यात क्लोन भ्रूण तगतात थोडेच, म्हणून एकेकीच्या पोटात शंभराहून अधिक सोडण्याची पद्धत आहे. बातमीत येते ते वाचलेले पिल्लू. न राहिलेले गर्भ कुणी मोजत नाही.

जनुके बदलली म्हणजे डुक्कर निर्धोक झाले, हेही खरे नाही. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतील मेरिलँड येथे डेव्हिड बेनेट या रुग्णाला दहा जनुकीय बदल केलेल्या डुकराचे हृदय बसवले. ते दोन महिने जगले, आणि त्या हृदयात डुकरांचा सायटोमेगॅलोव्हायरस हा विषाणू सापडला. तो डुकराच्या जनुकांत नसतो, प्रामुख्याने आईकडून पिल्लांना लागतो. म्हणूनच पिल्ले सिझेरियनने काढून आईपासून दूर वाढवण्याचा आग्रह धरला जातो. म्हणजे डुकरीण आणि तिचा गोठा हा या शस्त्रक्रियेचाच भाग ठरतो.

यापुढे अशी बातमी छापताना किती भ्रूण, किती डुकरिणींत सोडले आणि किती पिल्ले जगली, हेही विचारून छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक, सातारा