सड्यावर काय आहे, हे आधी विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गाव सुधारायचा विषय निघाला की आपल्याकडे रस्ता, सभामंडप आणि हायमास्ट दिवा यांच्यापलीकडे बोलणं जात नाही. हे सगळं हवंच. पण कोकणातल्या काही गावांचं नाव अलीकडे जगभर झालं, त्याचं मूळ कुणाच्या तरी चौकसपणात आहे.

कातळशिल्पांचंच घ्या, म्हणजे सड्यावर, गावाबाहेरच्या उघड्या जांभ्याच्या पठारावर, कोरलेली जुनी चित्रं. गुराख्यांना ती कधीपासून ठाऊक होती. पांडवांनी काढलेली म्हणायचं, हात जोडायचे आणि गुरं पुढे हाकायची. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई हे रत्नागिरीचे अभ्यासक वाडीवाडीत विचारत फिरले, सड्यावरची माती-गवत दूर केलं आणि एकेक चित्र उघडं पडत गेलं. कशेळीच्या हत्तीच्या अंगात तर कितीतरी लहान-मोठे प्राणी कोरलेले आहेत. २०२२ साली उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, कुडोपी अशा गावांतली शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. उक्षीच्या ग्रामस्थांनी त्याआधीच आपल्या कोरीव हत्तीभोवती कठडा घातला होता, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

मंडणगड तालुक्यातल्या, किनाऱ्यावरच्या वेळासचंही तसंच. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र'चे कार्यकर्ते २००२ साली समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी किनारे फिरत होते. वेळासच्या वाळूत कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली, तेव्हा ते थांबले आणि कासवं जपायचं काम सुरू झालं. आज त्याच गावात पिल्लं समुद्रात जाताना बघायला पर्यटक येतात आणि घरगुती खानावळी चालतात.

चौकशी करण्यात आपण कोकणी माणसं तशी कमी नाही. कुणाकडे मुंबईहून कोण आलं, किती दिवस राहणार, सगळं आपल्याला माहीत असतं! तीच नजर जरा सड्याकडे वळवायला हवी. तिथे एकट्या अभ्यासकाचं काम नाही. शिल्पांमध्ये पाकट, मुशी असे समुद्रातले मासे आहेत. ते नीट ओळखायला दर्यावर जाणारा माणूस लागतो. गेंडाही आहे. तो आज कोकणात कुठेच नाही, मग कोरणाऱ्याने पाहिला कुठे? असा प्रश्न शाळेतल्या पोरांपुढे टाकून बघा, वर्ग गप्प बसणार नाही.

हे 'रिकामटेकड्यांचे उद्योग' म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. जांभ्याचे चिरे कापणाऱ्या खाणीचं यंत्र एकदा सड्यावर चढलं की विचारायला काही उरत नाही. म्हणून खाणीचा विषय ग्रामसभेत येण्याआधी गावातले गुराखी, म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं यांनी मिळून तो सडा एकदा पायाखाली घालावा. गणपतीत चाकरमानी घरी असतात, पण तेव्हा सड्यावर गवत माजलेलं असतं. शिमगा त्यासाठी बरा.

आपल्यालाही एक विनंती. जिल्ह्याच्या पानावर आठवड्याला वाचकाचा एक प्रश्न छापा आणि उत्तरं गावांकडून मागवा. पहिला माझा घ्या: इतक्या टणक कातळात एवढी मोठी चित्रं कोरायला हत्यार कोणतं वापरलं असेल? हाताने चिरे काढलेली जुनी माणसं अजून आहेत, त्यांचा अंदाज वाचायला आवडेल.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर, जि. रत्नागिरी