शिरवळच्या पुढे भेटलेल्या त्या काकांना आणि मुलाला

पुण्याहून आईला घेऊन साताऱ्याला जाताना शिरवळच्या पुढे गाडी बंद पडली. स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही धरेना. महिन्याभरात कॅमशाफ्ट सेन्सर, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या दांड्याची स्थिती सांगणारा सेन्सर, दोनदा बदलून झाला होता; गाडीचा कॉम्प्युटर दाखवतो तो बिघाडाचा कोड मात्र तोच, पी०३४०.

रस्त्याकडेच्या छोट्या गॅरेजातले काका आणि त्यांच्या हाताखालचा मुलगा लगेच आले. काका म्हणाले, "कोड सर्किटचा आहे. सेन्सरच गेलाय असं कुठं म्हणतोय तो?" सेन्सरचा प्लग काढून, चावी ऑन करून त्यांनी मल्टिमीटर लावला. पुरवठा ५ व्होल्ट, अर्थिंग ठीक. सिग्नलच्या वायरवरही ५ व्होल्ट दिसले, पण मुलानं वायरिंग हलवलं की आकडा शून्यावर यायचा. ब्रॅकेटजवळ सारखी वाकून वायर आतून तुटली होती. वरचं आवरण शाबूत, म्हणून आजवर कुणाला दिसलंच नव्हतं. टॉर्च दातात धरून त्या मुलानं जोड सोल्डर केला. इतकं नेटकं काम मी मोठ्या वर्कशॉपातही पाहिलेलं नाही.

तोवर काकूंनी आईला पंख्याखाली बसवून चहा दिला. मजुरीही अगदी बेताची घेतली.

निघायच्या घाईत नावं विचारायची राहिली. काका, काकू आणि बाळा, तुम्हा तिघांचे मनापासून आभार. खंबाटकी चढताना गाडी एकदाही अडखळली नाही.