मच्छीमारांना अडाणी ठरवण्याआधी

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला मिसिसिपीच्या गाळावरचा लेख वाचला. नदीचे गाळाचे पाणी काठच्या दलदलीत सोडण्याचा मिड-बाराटारिया प्रकल्प लुईझियानाने जुलै २०२५ मध्ये गुंडाळला, त्याचे खापर लेखकांनी ‘बदलाला घाबरणाऱ्या मूठभर मच्छीमारां’वर फोडले आहे. त्या मूठभरांपैकी बऱ्याच जणांची आयकर विवरणपत्रे मी भरतो. काल दिवसभर चिडचिड झाली, म्हणून आज लिहायला बसलो.

प्रकल्प रद्द झाल्याचे मलाही वाईटच वाटते. नदीला दोन्ही अंगांनी बांध घालून जखडले की गाळ थेट खोल समुद्रात जाणार आणि काठची दलदल उपाशी राहणार, हे कळायला अभियंता असावे लागत नाही. त्यात तेलवाल्यांनी खणलेले कालवे आणि मुळातच खचणारी जमीन. १९३२ पासून जवळपास ५,००० चौरस किलोमीटर किनारा पाण्याखाली गेला. बांधाला दरवाजे बसवून गाळ पुन्हा आत सोडणे, याहून शहाणपणाची कल्पना मी तरी ऐकलेली नाही. वॅक्स लेकचा कालवा १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला निव्वळ पुराचे पाणी काढायला खोदला होता. १९७३ च्या पुरानंतर त्याच्या मुखाशी जमीन वर आली आणि अजून वाढते आहे.

पण लेखक पुढे विचारतात, ‘गोडे पाणी वर्षातले काही महिनेच सोडणार होते, तेवढ्याने काय बिघडणार होते?’ कोणते महिने, हे त्यांनी कोणाला विचारलेले दिसत नाही. नदीचा प्रवाह सेकंदाला साडेचार लाख घनफुटांच्या वर गेला की दरवाजे पुरते उघडायचे, कारण वाळू आणि गाळ पाण्याबरोबर उचलला जातो तो तेव्हाच. नदी एवढी चढते ती मुख्यतः वसंतात. तपकिरी कोळंबीची पिल्ले मचूळ पाण्यात वाढायला येतात तीही वसंतातच आणि मे महिन्यात जाळी पडतात. शिंपल्यातल्या कालवांना (ऑयस्टर) तर बिचाऱ्यांना पळूनही जाता येत नाही. कोळंबी, कालवे आणि खाडीतले डॉल्फिन यांना मोठा फटका बसेल, हे खुद्द प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात छापलेले आहे. डॉल्फिन मेले तरी काम अडू नये म्हणून २०१८ मध्ये अमेरिकी संसदेकडून कायद्यातून सूटही घेऊन झाली. मच्छीमारांसाठी सूट घ्यावी लागत नाही, त्यांचे ‘प्रबोधन’ केले की भागते!

‘भरपाई देऊ केली होतीच’ हे वाक्य वाचून मात्र मी वर्तमानपत्र खाली ठेवले.

मेक्सिकोच्या आखातातल्या २०१० च्या तेलगळतीनंतर माझा एक जुना अशील बर्फाची पेटी घेऊन माझ्याकडे आला. पेटीत ट्रिप तिकिटे होती. माल विकला की व्यापारी वजन आणि भाव लिहून जी पावती देतो, ती. दमट हवेने चिकटून त्यांचे गठ्ठे झालेले, निम्म्यांची शाई उडालेली. सुरीच्या पात्याने एकेक सोडवून आम्ही ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर वाळत घातली. दाव्यांच्या कचेरीतल्या बाईंनी ती चिमटीत धरून पाहिली आणि त्याआधीच्या वर्षांचे कागद मागितले. ते २००५ च्या कत्रिना वादळात घरासकट गेले, असे त्याने सांगितले. त्यावर त्यांनी घर गेल्याचा दाखला मागितला. होडीवर काम करणारा त्याचा मेहुणा रोखीने पगार घेणारा. त्याचे नुकसान तर कागदावर झालेच नव्हते. शेवटी बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘हिशेब नीट ठेवायला हवे होते.’ मला म्हणाल्या! पैसे पुढे आले, पण किती आले हे इथे लिहिले तर त्याला लाज वाटेल. आणि त्याच तेलगळतीच्या दंडाच्या पैशांतून हा सुमारे ३ अब्ज डॉलरचा प्रकल्प व्हायचा होता, हेही माझ्या अशिलाला ठाऊक होते. लेखकांना वाटते तितका तो अडाणी नाही.

या लोकांची स्मरणशक्ती दांडगी आहे, एवढाच त्यांचा दोष. १९२७ मध्ये न्यू ऑर्लिन्स वाचवायला शहराच्या खालच्या अंगाचा कार्नार्व्हनचा बांध सुरुंगाने उडवला. ज्यांची घरे बुडाली त्यांना भरपाईचा शब्द दिला होता; बहुतेकांना नाममात्र रक्कम मिळाली किंवा काहीच नाही. वरच्या अंगाला बांध आपोआप फुटले होते, त्यामुळे सुरुंगाची गरजच उरली नव्हती, हे मागाहून कळले. त्याच कार्नार्व्हनला १९९१ मध्ये गोडे पाणी सोडायचे दरवाजे सुरू झाले. शिंपल्यांतली कालवे पिकवणारे कोर्टात गेले, खालच्या कोर्टात अब्जाच्या वर डॉलर मंजूर झाले आणि २००४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. कालवांच्या जागांच्या भाडेपट्ट्यांत राज्याला जबाबदारीतून मोकळे करणारी कलमे होती. एवढे पाहिल्यावर कोण म्हणेल, ‘उघडा दरवाजे, भरपाईचे नंतर बघू’? पैसे आधी हातात ठेवले असते तर निम्मा विरोध तिथेच मावळला असता, असे माझे मत आहे. राजकारण्यांचे मी बोलत नाही. ६० कोटी डॉलरच्या आसपास खर्च झाल्यावर काम थांबवणाऱ्यांना माझ्याकडे विवरणपत्र भरायला आणू नका.

जाता जाता. लेखात प्रवाहाची कमाल मर्यादा सेकंदाला ‘७५,००० घनमीटर’ छापली आहे. ती ७५,००० घनफूट आहे, म्हणजे २,१०० घनमीटरच्या आसपास. न्यू ऑर्लिन्सचे बांध ज्या महापुरासाठी बांधले आहेत, त्याच्या दुप्पट पाणी आपण एका दरवाजातून काढले आहे. मागे मी अशीच एक चूक कळवली होती, तेव्हा माझे पत्र निम्मे कापून छापले आणि त्यातली चूक तेवढी शिल्लक ठेवली. या वेळी कापायचेच असेल तर वरचे कुठलेही कापा, हा परिच्छेद ठेवा. शिवाय नकाशात बाराटारियाची खाडी नदीच्या पूर्वेला दाखवली आहे. ती पश्चिमेला आहे.

आपला,
एक जुना वाचक, लुईझियाना