गाइडची परीक्षा वाटेवर घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पर्यटन वाढवायचं म्हटलं की गाइडच्या प्रशिक्षणाचा विषय निघतो आणि चार दिवसांचा वर्ग, एक लेखी परीक्षा, गळ्यात ओळखपत्र एवढ्यावर संपतो. जंगलात आणि लेण्यांत लोकांना फिरवणं हा माझा वर्षानुवर्षांचा व्यवसाय आहे. नव्या मुलांना तयार करण्याचं कामही मी करते, म्हणून आग्रहाने लिहिते आहे.

अलीकडेच एका प्रमाणपत्रधारक मुलाच्या गटामागून मी फेरीभर चालले. राजवंश, शतकं, देवतांची नावं सगळं बिनचूक. पण तो पुढच्या तिघांशीच बोलत होता. मागे एक आजी दमून पायरीवर बसल्या होत्या आणि दोन मुलं खांबाच्या नक्षीवरून हात फिरवत होती. हाताच्या घामाने आणि तेलकटपणाने दगड खराब होतो, हे त्याने परीक्षेत नक्की लिहिलं असेल. पण मुलांना न दुखावता थांबवायचं कसं, हे त्याला कोणी करून दाखवलंच नव्हतं. मी मुलांना म्हटलं, "यातलं एक फूल कारागिराने अर्धवट सोडलंय. बोट न लावता शोधा बरं." हात लगेच मागे गेले आणि मुलं डोळे बारीक करून बघायला लागली.

शेवटचा माणूस येऊन पोहोचेपर्यंत बोलायला सुरुवात करायची नाही. ऊन आपल्या डोळ्यांवर घ्यायचं, पाहुण्यांच्या नाही. झिजलेल्या शिलालेखावर समोरून विजेरी मारली तर तो सपाट दिसतो. तीच भिंतीलगत आडवी धरली की कडांच्या सावल्या पडून अक्षरं उठून दिसतात. या गोष्टी जाणत्या गाइडबरोबर हिंडूनच अंगवळणी पडतात.

जंगलात तर मोह फार. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवतात. विणीच्या हंगामात नराला वाटतं, हद्दीत दुसरा नर घुसला. मग तो खाणं आणि घरटं सोडून त्या आवाजामागे धावतो. पाहुण्यांना फोटो मिळतो, गाइडला बक्षिसी. "नाही, आपण इथेच थांबून वाट बघू" असं ठामपणे आणि गोड शब्दांत सांगता येणं हे मोठं कसब आहे. सर्पदंश झाला तर चिरायचं-आवळायचं नाही, तो अवयव स्थिर ठेवून रुग्णालय गाठायचं, याचाही सराव हवा.

दंतकथा सांगायला माझी हरकत नाही, मला त्या आवडतातही. पण 'लोक असं सांगतात' आणि 'शिलालेखात असं कोरलंय' यांतला फरक ऐकणाऱ्याला कळलाच पाहिजे. आयकोमॉस या जागतिक वारसा-तज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये स्वीकारलेल्या सनदेतही, अशी माहिती शास्त्रीय पुराव्यांवर आणि जिवंत परंपरांवर आधारलेली असावी, असं म्हटलं आहे.

फ्रान्समधली आदिमानवाच्या भित्तिचित्रांची लास्को गुहा १९४० मध्ये काही मुलांना सापडली आणि त्यांतले दोघे पुढे तिथेच गाइड झाले. १९४८ मध्ये ती लोकांसाठी उघडली. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि दमटपणा यांनी चित्रं बिघडू लागली, म्हणून १९६३ मध्ये ती बंद करावी लागली. गटात माणसं किती आणि आत किती वेळ, हा निर्णय गाइडला घेता यायला हवा. त्याचं कारण समजलं असेल तरच तो गर्दीसमोर टिकतो.

युरोपात २००८ साली गाइड-प्रशिक्षणाचं मानक ठरलं. त्यात किमान ६०० तासांची अपेक्षा आहे आणि प्रत्यक्ष सरावाला मोठा वाटा. सगळीकडे तेवढे तास जमणार नाहीत, हे मला मान्य आहे. पण जो काही अभ्यासक्रम असेल, त्याचा निम्मा वेळ जागेवरच जावा. उमेदवाराने खरा गट फिरवावा, अनुभवी गाइडने मागून चालत टिपणं काढावीत, संध्याकाळी दोघांनी त्यावर बोलावं. दर काही वर्षांनी हेच पुन्हा व्हावं.

पदवीची अटही नको. पावलांच्या ठशावरून जनावर ओळखणारी, झाडाची साल चुरगाळून वासाने नाव सांगणारी माणसं त्या अटीमुळे दाराबाहेर राहतात आणि जंगल नकाशात पाहिलेले आत येतात. अशा माणसांचं पोट रोजच्या कमाईवर असतं. प्रशिक्षणाच्या दिवसांची मजुरी त्यांना मिळालीच पाहिजे, नाहीतर ती येणार नाहीत.

आपली,
एक गाइड आणि प्रशिक्षक