तिसऱ्या सीनसाठी हो म्हण

सांगली

चि. अस्मिता,
अनेक आशीर्वाद.

परवा तू तावातावाने बोललीस आणि फोन ठेवून दिलास, म्हणून हे पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही, हा त्याचा फायदा.

साताऱ्यात शूटिंग चाललेल्या त्या मालिकेवाल्यांनी ‘नाक बघून’ तुला कामासाठी विचारलं, याचा तुला राग आलाय. मग काय बघायला हवं होतं त्यांनी? तुझी पदकं? पदकं कॅमेऱ्यात दिसत नाहीत, नाक दिसतं. आणि ते तू बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उभं राहून कमावलंयस. आई म्हणते, ऑपरेशन करून सरळ करून घे. माझं मत विचारशील तर राहू दे.

जॅक पॅलन्स या नटाचं नाव तू ऐकलं नसशील. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या कोळसा खाणीतल्या कामगाराचा पोरगा, जन्म १९१९ चा. मूळचे युक्रेनकडचे लोक. स्वतःही खाणीत राबला, मग ‘जॅक ब्राझो’ या नावाने पैसे घेऊन बॉक्सिंग करू लागला. पुढे सिनेमावाल्यांनी त्याच्या विजयांचे मोठमोठे आकडे छापले. कागदोपत्री सापडते ती मात्र १९४० मधली, जो बाक्सी नावाच्या बॉक्सरकडून झालेली हार. (आपल्याकडेही एखादा पैलवान म्हातारा झाला की त्याने मारलेल्या कुस्त्या वाढत जातात, ते तुला माहीतच आहे.) मग सैन्य, मग नाटक, मग सिनेमा. गालाची हाडं वर आलेली, नाक चपटं. हिरोचं काम असल्या चेहऱ्याला कोण देणार?

१९५३ च्या ‘शेन’ या सिनेमात तो भाडोत्री बंदूकवाला आहे. वाक्यं मोजकीच. एका प्रसंगात तो लाकडी फळ्यांच्या ओसरीवर उभा आणि समोर चिखलात एक साधा शेतकरी. बोलता बोलता हा उजव्या हातात काळा हातमोजा चढवतो. घाई नाही, आवाज नाही. बघणाऱ्याला तिथेच कळतं की आता या माणसाचं काही खरं नाही. मी तो तुकडा मोबाइलवर मागे नेऊन नेऊन पाहिला. बाउटच्या आधी ग्लोव्हजच्या पट्ट्या ओढून घेताना तुझा चेहरा असाच होतो. तुला कुणी सांगितलं नसेल, कारण बाकीचे सगळे तेव्हा घड्याळाकडे बघत असतात.

त्या कामाला ऑस्करचं नामांकन मिळालं, आदल्या वर्षीच्या एका कामालाही मिळालं होतं. प्रत्यक्ष पुतळा हातात पडला तो १९९२ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. तो घ्यायला गेला आणि स्टेजवरच एका हाताने जोर मारून दाखवले! आजीला दाखवलं तर म्हणाली, “पाठ धरंल की त्याची.”

पण मला सांगायचंय ते १९५६ च्या टीव्ही नाटकाबद्दल. एका थकलेल्या हेवीवेट बॉक्सरला डॉक्टर सांगतो, आता रिंग बंद. त्याचा मॅनेजर त्याला कपडे चढवून लुटुपुटुच्या कुस्तीत विदूषक म्हणून उतरवायला बघतो. पॅलन्स त्यात मुख्य भूमिकेत. दीड तासाचं प्रक्षेपण थेट, रिटेक नाही, आपल्या राज्य नाट्य स्पर्धेसारखं. टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला त्याला. त्याच नाटकात छोट्या कामांत दोन माजी जगज्जेते होते, मॅक्स बेअर आणि मॅक्सी रोझेनब्लूम.

हा रोझेनब्लूम १९३२ ते ३४ लाइट हेवीवेटचा जगज्जेता. जवळजवळ तीनशे लढती खेळला. उघड्या ग्लोव्हने चापट्या मारायचा म्हणून लोक त्याला ‘स्लॅप्सी’ म्हणत. सिनेमात त्याला कामं मिळाली ती बहुतेक मार खाऊन डोकं फिरलेल्या बॉक्सरची. लोक खूप हसायचे. पुढे डोक्यावर बसलेल्या फटक्यांनी त्याच्या खऱ्या हालचालींवरही परिणाम झाला. तू हेडगार्ड घालतेस म्हणून आई निश्चिंत असते. मी नसतो. हेडगार्डने भुवई फुटायची वाचते, आत मेंदूला बसणारा हिसका वाचत नाही. एवढं लिहून हा विषय थांबवतो, कारण बॉक्सिंग कधी सोडायचं हे तू आणि तुझे सर ठरवणार.

रोझेनब्लूमसारखं एकाच साच्याचं काम तुझ्या वाट्याला येऊ नये, म्हणून तू पाठवलेले तिन्ही सीन मी पेन्सिल घेऊन वाचले. पहिल्यात तू सावकाराच्या मागे उभी आहेस. दुसऱ्यात कुणाला तरी ढकलतेस. एवढंच असतं तर मीच नको म्हटलं असतं. पण तिसऱ्यात ती पळून जाणारी मुलगी तुझ्या हाती लागते, आणि तू तिची वाट अडवून उभी राहतेस, मग बाजूला होतेस. एकही वाक्य नाही. लिहिणाऱ्याने तिथे माणूस लिहिलाय. नाक बघून बोलावलं असेल, पण हा सीन नाकाच्या भरवशावर निभणार नाही.

एक अडचण तुला येईल. रिंगमध्ये ठोसा लपवायचा असतो, कॅमेऱ्यापुढे तो दाखवायचा असतो. खांद्यापासून मोठा फिरवायचा आणि समोरच्याच्या गालाला न लावता पुढून न्यायचा. मधलं अंतर कॅमेरा झाकतो. मार बसल्याचं काम खाणाऱ्याने मानेच्या झटक्याने करायचं. तुझा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा ठोसा, सरळ आणि छोटा, तो पडद्यावर दिसणारच नाही. शिवाय हनुवटी छातीशी घ्यायची सवय, त्याने चेहरा अंधारात जाईल. उलट समोरून काही आलं तरी डोळा मिटायचा नाही, हे तुला आयतं येतं. मी पन्नाशीपर्यंत हौशी नाटकं केली, फ्लॅश पडला की अजून डोळे मिचकावतो.

लोक काय म्हणतील ते सोड. दारासिंग साठीच्या आसपास टीव्हीवर हनुमान झाले, तेव्हा आपल्या गल्लीत रविवारी सकाळी रस्ता ओस पडायचा. आणि आपलं गाव तर विष्णुदास भावेंचं. १८४३ मध्ये इथे ‘सीतास्वयंवर’ झालं तेव्हापासून इथल्या लोकांना तालीम म्हटलं की दोन्ही कळतं, आखाड्यातलीही आणि नाटकाचीही.

सही करण्याआधी तारखा सरांना दाखव. राज्य स्पर्धेच्या आठवड्यात शूटिंग नको, हे तोंडी न ठेवता करारात लिहून घे. मारामारीच्या सीनला फाइट मास्टर असणार का आणि दुखापत झाली तर खर्च कुणाचा, हेही विचार. विचारायला लाजू नकोस. साताऱ्याला आलीस की दोन दिवस इकडे ये. आईने भडंग करून ठेवलंय, पण मला हात लावू देत नाही.

तुझा,
बाबा